खोकला काढून टाकणेबाबत

४ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. सून म्हणते, आई, लिहिल्याने डोकं ताजं राहतं. माझं ताजंच आहे, पण वाद नको. चौथीपर्यंत शिकले, एवढ्याला पुष्कळ.

सून आज विद्यापीठाच्या वाचनालयात गेली होती. तिथे एक ऐकायची खोली आहे. आजवर विद्यापीठात झालेल्या सगळ्या मैफली तिथे ऐकायला मिळतात. पुढच्या महिन्यात त्या साफसूफ करून जगाला खुल्या करणार म्हणे. घरी आली ती डोळे पुसतच. म्हणाली, आई, गेल्या हिवाळ्यातल्या व्हायोलिनमध्ये बाबांचा खोकला आहे. म्हटलं, मग रडायला काय झालं? खोकलाच आहे, मृत्युपत्र नाही.

५ नोव्हेंबर
विचार केला. लाजिरवाणी गोष्ट आहे. हे जानेवारीत गेले आणि खोकला अजून विद्यापीठात मुक्कामाला. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून या माणसाने तिथलं एक फुकट व्याख्यान सोडलं नाही. मलाही ओढून न्यायचे. मी आपली मुकाट बसायची. हे मात्र नेमकं सगळे गप्प झाले की खोकायचे.

आता तो खोकला जग ऐकणार. उद्या जाऊन काढायला लावते. एका फेरीचं काम.

६ नोव्हेंबर
गेले. त्या खोलीत एक बाई असते, गळ्यात सदानकदा हेडफोन. मी तिचं नाव कानवाली ठेवलं. म्हटलं, आमच्या माणसाचा खोकला आहे, तेवढा काढून टाका. म्हणाली, आजी, कुठला ते दाखवा, त्या दिवशी अर्धा हॉल सर्दीने भरला होता.

ऐकायला बसावं लागलं. वाजवणारा हळू हळू होत गेला. मग इतका हळू, की वाटलं झोपला. आणि मग हे आले. दोन लहान, एक मोठा, शेवटी घसा साफ. अगदी डाव्या कानाशी. डावीकडेच बसायचे.

मी लगेच हेडफोन काढून ठेवले. पुढचं ऐकून काय करायचंय? कानवालीने विचारलं, हाच का? म्हटलं, खात्री नाही. उद्या परत ऐकून सांगते. असल्या कामात घाई नको.

१० नोव्हेंबर
रोज जाते आहे. खात्री जवळजवळ झाली.

१३ नोव्हेंबर, पहाट
न्हाणीघराकडून आवाज. दोन लहान, एक मोठा. पाइप आहे, दुसरं काय. उठून बघितलं नाही, गुडघा दुखतो.

नळवाल्याला बोलावलं. त्याने ठोकठोक करून पाहिलं. म्हणाला, पाइप ठणठणीत आहे, मावशी. म्हटलं, माणसंही ठणठणीत असतात हो. तो चहा पिऊन गेला.

१६ नोव्हेंबर
कानवाली म्हणाली, खोकला काढायचा तर सरांची परवानगी लागेल. सर म्हणजे संगीताचे प्रमुख. ह्यांनी त्यांचं नाव प्रस्तावना ठेवलं होतं. मैफल तासाची असली तर या माणसाची प्रस्तावना सव्वा तासाची. मला उभं ठेवून त्याने खोकल्याचीही प्रस्तावना केली. सार एवढंच, की ते फक्त पंख्याची घरघर काढणार, ऐकणाऱ्यांचे आवाज मुद्दाम राहू देणार. घरच्यांनी लेखी अर्ज दिला तरच एखादा आवाज काढतील.

म्हणजे मी काही केलं नाही तर खोकला कायमचा राहणार. बरं झालं वेळेवर कळलं. आज अर्ज लिहिणार.

१७ नोव्हेंबर
अर्ज लिहिला. अक्षर वाकडं आलं. उद्या पुन्हा.

२१ नोव्हेंबर
अर्ज छान झाला. सही राहिली. सही चांगल्या पेनने करावी. चांगलं पेन ह्यांच्या कोटाच्या खिशात आहे आणि कोट कपाटात आहे. कपाट कोण उघडणार? कुबट वास येतो.

ऐकायला जाऊन आले. शेवटी घसा साफ करतात तिथे काहीतरी पुटपुटतात असं वाटलं. काय ते कळत नाही. कानवालीने आवाज मोठा करून दिला. तरी नाही. अर्ज देण्याआधी ते कळलेलं बरं. नाहीतर अर्जात लिहायचं काय?

२४ नोव्हेंबर
कानवाली फार लाघवी. म्हणाली, आजी, एकदा साफ केलं की जुनी प्रत आम्ही ठेवत नाही, जागा नसते. आत्ताच तुमच्या मोबाइलवर घालून देऊ का? म्हटलं, मला काय करायचाय तो? जन्मभर ऐकलाय. इथे येते ती कामासाठी. ती म्हणाली, बरं. माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बघण्यात एक आगाऊपणा आहे.

२७ नोव्हेंबर
विद्यापीठात परिसंवाद. विषय शांतता. पहिलाच वक्ता शांततेवर दीड तास बोलला. मी नेहमीच्या जागी बसले. डावीकडच्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती. एक बाई येऊन म्हणाली, इथे कुणी आहे का? म्हटलं, आहे.

शेवटी वक्ता म्हणाला, आता आपण सगळे एक मिनिट नुसते गप्प बसू. बसलो. तर मागून खोकला. दोन लहान, एक मोठा.

वळून पाहिलं नाही. मानेला त्रास आहे. कुणीतरी सर्दीवालाच असणार. परत येताना पिशवी तिथेच विसरले. सून म्हणाली, कशी विसरलात? म्हटलं, माणूस विसरतो.

१ डिसेंबर
आज भांडण. मी चप्पल घालत होते. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, आई, खरं सांगा, तुम्हाला खोकला काढायचाय की ऐकायचाय?

अंगाचा तिळपापड झाला. ही कालची पोरगी मला शिकवणार! म्हटलं, मला काही हौस नाही त्यांची. होते तेव्हा रात्र रात्र झोपू दिलं नाही, आता दिवसाही पाठ सोडत नाहीत. ती म्हणाली, मग द्या की अर्ज. म्हटलं, ही चालले द्यायला.

तिच्याच पेनने सही केली आणि नेऊन दिला. थेट प्रस्तावनाच्या हातात. कानवालीकडे गेले नाही. सुटले एकदाची. आता लोक त्या व्हायोलिनवाल्याला ऐकतील. खूप हलकं वाटतंय. जेवण गेलं नाही, पण ते हवेमुळे.

३ डिसेंबर
अर्जात एक वेलांटी चुकली असं आठवलं. विद्यापीठात चुकीचा अर्ज गेलेला बरा दिसत नाही. उद्या जाऊन परत घेणार. नीट लिहून मग देऊ, कधीतरी.

४ डिसेंबर
गेले. खोलीला कुलूप. कानवाली रजेवर. प्रस्तावना म्हणाले, आजी, काळजी करू नका, त्याच दिवशी काम करून टाकलं. तुमचा एकच अर्ज आला होता.

नमस्कार करायलाही ज्याला पाव तास लागतो, त्याला हे काम एका दिवसात जमलं! म्हटलं, जुनं काही उरलं असेल? म्हणाले, नाही नाही, पूर्ण पुसलं, अगदी निश्चिंत राहा.

आभार मानून आले.

५ डिसेंबर
लिहिण्यासारखं काही नाही.

७ डिसेंबर, पहाट
जागीच होते. न्हाणीघराकडून काही नाही. नळ थोडा सोडून ठेवला, वाटलं पाणी फिरलं की पाइप वाजतो. नाही वाजला. सून उठून आली, नळ बंद केला, मला काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं.

१३ डिसेंबर
काल मैफली खुल्या करण्याचा समारंभ झाला. जाणार नव्हते. सुनेला एकटीला कंटाळा येईल म्हणून गेले.

हॉल खच्चून भरलेला. प्रस्तावनाने आपली प्रस्तावना केली. मग म्हणाले, नमुना म्हणून गेल्या हिवाळ्यातलं व्हायोलिन ऐकवतो. दिवे मंद केले. मला उठायचं होतं, पण सुनेने हात धरला होता.

वाजवणारा हळू होत गेला. मध्ये कुणीतरी शिंकलं, ते तसंच ठेवलंय. कुणाची छत्रीबित्री पडली, तेही आहे. मग सगळं थांबलं. ती जागा आली. दोन लहानांची जागा गेली. मोठ्याची गेली. घसा साफ करण्याची गेली. काही नाही. धुतलेल्या ताटासारखं.

आणि मग एवढ्या मोठ्या हॉलमध्ये चारी बाजूंनी एका बाईचा आवाज आला. शूऽऽ! गप बसा जरा!

सगळा हॉल हसला. कारण कुणी काही आवाज केलेलाच नव्हता.

सून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, आई. म्हटलं, माझा नाही. मी मुकाट बसायची.

बाहेर कानवाली धावत आली. कानकोंडी झाली होती. म्हणाली, आजी, मी रजेवर होते हो. सरांनी अर्जात लिहिलं होतं तेवढंच काढलं, खोकला. ते दुसरं राहून गेलं. लोक हसले, मलाच वाईट वाटलं. तुम्ही म्हणत असाल तर आजच काढून टाकते, अर्जबिर्ज काही नको.

म्हटलं, राहू दे. कुणाला गप्प करते आहे ती? शेजारी कुणी असल्याशिवाय उगाच कुणी गप्प करत नाही.