मयत ऑपरेटर कौसल्या मस्के यांना दोन दिवस मुख्यालय सोडू देणेबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
दूरनियंत्रण व पूर-इशारा उपविभाग,
यवतमाळ.

अर्जदार : उकंडा पुंडलिक मस्के, धंदा शेती,
मौजा हिवरटेक, ता. महागाव, जि. यवतमाळ.

विषय : पूर-इशारा वायरलेस संचावरील ऑपरेटरची दोन दिवसांची रजा मंजूर होणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. २४ जूनचा अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे त्यावरील उत्तर. ३) ऑपरेटरला मिळालेले प्रशंसापत्र.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझी पत्नी कौसल्या ही आमच्या गावच्या वायरलेस संचाची ऑपरेटर होती. संच आमच्या ओसरीत आहे. त्यातून एक सिरियल केबल निघून काळ्या डब्यात जाते. त्या डब्यामार्फत आपले कार्यालय यवतमाळला बसून आमचा संच चालू-बंद करते, आवाज कमी-जास्त करते. धरणातून पाणी सोडायचे असले की आपण संचावर सांगता आणि ऑपरेटरने खालच्या वस्तीला सावध करायचे असते. हे काम तिने नऊ पावसाळे केले. दि. ११ जून रोजी ती वारली. दाखला जोडला आहे.

२. डब्याच्या काचेवर रोज सकाळी आठला प्रश्न उमटतो, "कौसल्या मस्के हजर?" हिरवे बटण म्हणजे होय, लाल म्हणजे नाही. हिरवे दाबले तर आपल्याकडे तिची हजेरी लागते. लाल दाबले किंवा काहीच दाबले नाही, तर सावध करायला माणूस नाही असे समजून छपरावरचा भोंगा आपोआप वाजतो. तिला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खरे होते ते बटण दाबले. भोंगा वाजला. सगळी वस्ती शेळ्या, गाद्या आणि एक बाळंतीण घेऊन टेकडीवर चढली. आभाळात ढग नव्हता. शेजारच्या रामीबाई उतरताना मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमची बायको गेली हे आमाले मालूम हाये. पन आमाले काहून मारता?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. तेव्हापासून मी हिरवे बटण दाबतो.

३. आमच्याकडे सुतकाच्या घरात वाजणारी वस्तू चालू ठेवत नाहीत. म्हणून मी त्या दिवसांत संच बंद करत होतो. आपले कार्यालय केबलवरून तो चालू करत होते. मी पुन्हा बंद करायचो. असे दिवसभर चालायचे. मला वाटले, तिकडे कोणाच्या तरी ध्यानात येईल की या घरात काहीतरी झाले आहे. परंतु मी संच बंद केला की आपल्या कॉम्प्युटरने दर वेळी ऑपरेटरने ओ दिली असे धरले. जुलैमध्ये तिच्या नावाने प्रशंसापत्र आले, "माहे जूनमधील सर्वांत तत्पर ऑपरेटर". जिवंतपणी तिला असे कधी मिळाले नव्हते. मी ते तिच्या फोटोखाली ठेवले आहे. परत मागितल्यास देईन.

४. तिचे नाव काढून माझे घालावे असा अर्ज मी केला होता. त्यावर उत्तर आले की, ऑपरेटर बदलण्यासाठी जुन्या ऑपरेटरने स्वतः बटण दाबून संमती द्यावी लागते; तसेच मृत्यूच्या तारखेनंतरही ऑपरेटर रोज हजर असल्याने दाखला एकदा तपासून घ्यावा. मी ग्रामसेवकाकडून तपासून घेतला. तो बरोबर आहे. नंतर आपले टेक्निशियन प्रेमसिंग आले. नाव बदलण्यासाठी त्यांनी केबलचे दोन स्क्रू सैल केले, तोच भोंगा वाजला व वस्ती पुन्हा टेकडीवर गेली. प्रेमसिंगने स्क्रू परत आवळले आणि म्हणाले, "बाबाजी, तुमी म्हनता बाई नाही. कॉम्प्युटर म्हनते हाये. आता मी साहेबाले कोनाचं सांगू?" मी त्यांना चहा पाजून पाठवले.

५. संध्याकाळी आवाजाची चाचणी असते. तिकडून कोणी साहेब म्हणतात, "कौसल्याबाई, बोला." एकदा मीच बोललो की ती नाही. साहेब म्हणाले, "बरं, आल्या की बोलायला सांगा." माणूस सभ्य वाटला. मी "सांगतो" म्हणालो. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

६. खरी अडचण पुढेच आहे. कौसल्याच्या अस्थींचे गाडगे अजून शेताच्या धुऱ्यावरच्या कडुलिंबाला टांगलेले आहे. नांदेडला नेऊन गोदावरीत सोडायच्या आहेत. लोक म्हणतात, खालच्याच नदीत सोडा. परंतु त्या पाण्यावर तिने नऊ पावसाळे लक्ष ठेवले, त्याचा तिला भरवसा नव्हता. त्या पाण्याच्या हवाली मी तिला करणार नाही. नांदेडला गेलो तर सकाळी बटण कोण दाबणार? गावात कोणी तयार नाही. मेलेल्या माणसाला "हाये" म्हटले तर ते घर सोडत नाही, असे आमच्याकडे मानतात. आर्णीहून सून रुपाली आली होती. तिने डब्याजवळ बसून पाहिले आणि उठली. म्हणाली, "बाबा, तुमचं सारं करीन, पन आईले हजर कशी म्हनू?" मी तिला आग्रह केला नाही. मलाही रोज तेच वाटते.

७. प्रेमसिंगकडून असे समजले की, ऑपरेटरची रजा मंजूर असली तर डबा प्रश्न विचारत नाही व भोंगा आपण यवतमाळहूनच सांभाळता. यास्तव नाव काढणे जमत नसेल तर तो विषय बाजूला ठेवावा. फक्त ऑपरेटर कौसल्या मस्के यांना दि. २६ व २७ ऑगस्ट या दोन दिवसांची रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी द्यावी. पोळ्याआधी हे झाले तर बरे. पुढे डबा जे विचारील त्याला मी हिरवे बटण दाबत राहीन, कारण खाली वस्ती आहे.

८. रजेचा नमुना भरून जोडला आहे. ऑपरेटरच्या सहीच्या जागी "करिता" लिहून मी सही केली आहे. रजेचे कारण, गोदावरी. सोबत जाणारी व्यक्ती, नवरा. कोणताही रकाना मोकळा सोडू नये असे छापले असल्याने प्रवास करणाऱ्यांची संख्याही लिहिली आहे : जाताना दोन, येताना एक. ही लिहिण्यातली चूक नाही. कृपया दुरुस्त करू नये.

आपला नम्र,
(सही)
उकंडा पुंडलिक मस्के
ऑपरेटर बाईंचा नवरा

ठिकाण : हिवरटेक
दिनांक : १४ ऑगस्ट २०२४

सोबत : १) मृत्यूचा दाखला, ग्रामसेवकाने दुसऱ्यांदा तपासलेला. २) प्रशंसापत्राची झेरॉक्स. ३) रजेचा नमुना.