आजार माझ्या नावावर करून घेण्याबाबत

मी, खाली सही करणार, वय बासष्ट, धंद्याने शिंपी, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. बोटं नाहीत, औषधांनी ती बधिर झाली आहेत, तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर भलता अर्थ काढू नये. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द करतो. त्यात सगळं बायकोला दिलं होतं, कारण आधी मी जाणार हे धरूनच चाललो होतो. ती एकवीस दिवसांपूर्वी गेली.

वकीलसाहेब म्हणतात, मुद्द्याचं लिहा. मुद्द्याचंच लिहितो आहे, पण एका जागी बसवत नाही. दर दोन ओळींनी उठून दारापर्यंत जाऊन येतो.

कलम १. घर, दुकान आणि बायकोचं मशीन माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. शिवण तिला माझ्या बायकोनेच शिकवलं. मशीनवर एक पँट अर्धी शिवून राहिली आहे. ती पुरी करून गिऱ्हाइकाला द्यावी. ती पँट तिथेच असेपर्यंत मला त्या खोलीत जाववत नाही.

कलम २. मोठी कात्री. हिच्यावरून भांडून धाकटा अकरा वर्षांपूर्वी दुकान सोडून गेला. वडिलांनी ती मला दिली नव्हती, मी उचलली होती, हे आज कबूल करतो. तरीही कात्री पुतणीलाच. धाकट्याला या कागदाने काहीही मिळणार नाही, एक सुईसुद्धा नाही. का, ते कलम ५ मध्ये आहे. तोवर त्याने पान फेकू नये. राग त्याच्या नाकावरच असतो म्हणून आधीच सांगितलं.

कलम ३. मला स्तनाचा कॅन्सर आहे. मला. बायकोला नव्हता.

पुरुषालाही होतो, हे मलाही माहीत नव्हतं. कोटासाठी बायको माझं माप घेत होती आणि डावीकडे टेप सरळ बसेना. "मापात खोट आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, टेपमध्ये असेल. गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमोच्या सलाईनच्या फेऱ्या. लोकांना काय सांगायचं? बायकांचं दुखणं मला झालं असं? ज्यांच्या छातीची मापं मी चाळीस वर्षं घेतली, त्यांना? तीच म्हणाली, "सांगा माझ्या नावावर. घर तुमच्या नावावर, दुकान तुमच्या नावावर. एवढं तरी माझ्या नावावर असू द्या." हसत म्हणाली. मी मात्र ते खरंच केलं.

दुकानाच्या दारावर पाटी लागली: 'मालकीणबाईंच्या तब्येतीमुळे दुकान बंद.' ती डोक्याला रुमाल बांधून बसू लागली. माझे केस गेले तर गल्ली म्हणाली, बायकोसाठी डोकं भादरलं, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. हे मी ऐकून घेतलं. मान खाली घालून, वर लाजून. तिच्या नावाने डबे यायचे. मला वास सहन व्हायचा नाही, म्हणून तीच खायची आणि अंगाने भरायची. सगळे म्हणायचे, औषध लागू पडलं.

मग एका दुपारी ती मशीनवरच कलंडली. डॉक्टर म्हणाले, हृदय. लोक म्हणाले, सुटली बिचारी.

कलम ४. माझी थोडीफार बचत हॉस्पिटलातल्या सलाईनच्या खोलीसाठी. दारावर 'महिला' अशी पाटी आहे, ती आधी बदलावी. उरलेल्यातून खुर्च्यांना नवी कव्हरं घालावीत.

त्या खोलीत मी एकटा पुरुष. कंडक्टरबाई, गणिताच्या बाई आणि चौथ्या खुर्चीवाली मला भाऊ म्हणतात. बायको गेली तेव्हा मला सलाईन लागून चारच दिवस झाले होते, उभं राहवत नव्हतं. त्या तिघी आल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळं ठरवलं. मृत्यूचा दाखला गणिताच्या बाईंनी आणला, गाडी चौथ्या खुर्चीवालीने सांगितली. कंडक्टरबाईंनी जिना सांभाळला: "पुढे सरका, दार अडवू नका." शेवटी त्यांनी विचारलं, "भाऊ, रुमाल काढायचा ना?"

तिचे केस कमरेपर्यंत होते. रुमाल काढला असता तर सगळ्यांना कळलं असतं. मी म्हटलं, "राहू दे."

कंडक्टरबाई कानाशी म्हणाल्या, "आज नाही तर कधी सांगणार?" माझी अब्रू झाकायला मी तिचे केस झाकून तिला पाठवली. याची मला लाज वाटते, आणि आजाराची जितकी वाटली त्याहून कितीतरी जास्त वाटते. तिचा मोकळ्या केसांचा फोटो पुतणीने दुकानात दर्शनी लावावा. आजाराची ती पाटी जाळावी.

कलम ५. धाकट्या, हे तुला.

तुझ्या वहिनीला नेलं त्या दिवशी तू रडत म्हणालास, "वहिनीच्या माहेरचं दुखणं. आपल्या घरात असलं काही नाही." आहे. आपली आत्या छातीच्या जखमेने गेली आणि सगळ्यांनी तिला ताप होता असं सांगितलं. डॉक्टरांनी मला स्पष्ट विचारलं, भाऊ आहे का? मी नाही म्हटलं.

आणि तुझा शर्ट मी पाहिला. खिसा उजवीकडे. चाळीस वर्षं तू डाव्या खिशाला पेन लावतोस. मी विचारलं तर म्हणालास, "डावीकडे टोचतं." शिंप्याचा मुलगा उगाच खिसा हलवत नाही. तेव्हापासून मला झोप नाही.

ज्याला काही मिळतं तो साक्षीदार चालत नाही, म्हणून तुला काही ठेवलं नाही. वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. तू वाचशील. तुझं वाचून होईपर्यंत मी सही करणार नाही आणि तुला उठू देणार नाही. मी तुझा वैरी असेन, पण थोरला आहे.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत कबूल करून सही करतो.

ठिकाण: दुकान, कापडाचं टेबल
दिनांक: सतरा, मंगळवार
सही: (वाकडी आहे, माझीच आहे)

साक्षीदार पहिली: सही. कंडक्टर, निवृत्त. भाऊंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: सही. धाकटा भाऊ. दादाने माझ्यासमोर सही केली. सगळं वाचलं, दोनदा. दादा, गुरुवारी दुकान बंद ठेव आणि माझ्याबरोबर तुझ्या डॉक्टरांकडे चल. पाटीवर नाव माझंच लिही.