अकरा किलोचं बक्षीस

भाईंदर पश्चिम
१४ मार्च १९९६

प्रिय जितेंद्र,

रोज ऑफिसात समोरासमोर बसतो, वैशाखात लग्न करणार आहोत, तरी ही मुलगी पत्र का लिहितेय असं तुला वाटेल. तोंडाने सांगायला घेतलं तर तू हसशील, माझा हात हातात घेशील आणि मी विरघळेन. ते मला नकोय.

परवा साहेबांनी तुझ्या सत्काराचं मानपत्र लिहायला मला सांगितलं. अक्षर चांगलं ना माझं. सफाई खात्यातली तुझी आरोग्य योजना आता सगळ्या नगरपालिकेला लागू होणार आणि तू हेडक्लार्क होणार. आई तर गल्लीभर सांगत सुटलीय. माहिती हवी म्हणून मी त्र्याण्णव सालची फाईल काढली.

तेव्हाचं सगळं आठवतंय ना? कामगारांनी रोज सकाळी मैदानावर फेऱ्या मारायच्या, सहा महिन्यांनी वजन. ज्याचं जास्त उतरेल त्याला भिंतीवरचं घड्याळ, आणि निकाल चांगला लागला तर खात्याच्या कारकुनाचं नाव बढतीसाठी. पहिल्या वजनाला तू सगळ्यांना गमबूट घालून, पोटभर वडापाव खायला लावून काट्यावर उभं केलंस. शेवटच्या वजनाला अनवाणी आणि उपाशी. आमच्या घरी बसून हे सांगताना तू इतकं हसवलंस की बाबांना ठसका लागला. तो बराच वेळ थांबला नाही आणि आपण हसतच होतो.

बाबांचं वजन अकरा किलो उतरलं. गमबुटांचे दोन सोडले तरी नऊ. कोंडिराम मुकादमांना पहिलं बक्षीस, हार, टाळ्या. त्या दिवशी घड्याळ मांडीवर घेऊन बाबा म्हणाले होते, पोरी, मी तर दम लागतो म्हणून अर्ध्यातनंच माघारी यायचो, अन् बक्षीस मलाच कसं? तू म्हणालास, काका, मेहनतीचं फळ आहे. चार महिन्यांनी क्षयाने गेले. आधी का आणलं नाही, असं हॉस्पिटलात आम्हालाच विचारलं. त्यांच्या जागी नोकरी मिळावी म्हणून माझा अर्ज तूच भरलास. तेव्हापासून मी तुझे उपकार मानत आले, तुझ्यासाठी डब्यात एक पोळी जास्तीची आणत आले. आता त्या प्रत्येक पोळीची मला लाज वाटते.

फाईलमध्ये निकालाच्या तक्त्यामागे, योजनेतल्या तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी खात्याला लिहिलेली चिठ्ठी टाचून ठेवलेली होती. कोंडिराम यांच्या छातीचा फोटो ताबडतोब काढावा, कामावरून सुट्टी द्यावी. तारीख शेवटच्या वजनाच्या सहा आठवडे आधीची. खाली लाल शाईत तुझा शेरा: निकाल जाहीर होईपर्यंत थांबावे. सही आणि तारीख. दुसऱ्या कोणी ती फाडून गटारात टाकली असती. तू पडलास हाडाचा कारकून. आलेल्या कागदावर शेरा मारल्याशिवाय तुला राहवत नाही आणि कागद फाडवत तर नाहीच. निकाल लागला, तू बढतीच्या मागे लागलास आणि थांबलेली चिठ्ठी तिथेच थांबली.

मानपत्र लिहून झालंय. उद्या चार वाजता सगळ्या कामगारांसमोर मीच वाचणार आहे. तुझा शेरा त्यात जसाच्या तसा उतरवलाय. वाचून झालं की मूळ चिठ्ठी साहेबांच्या हातात देईन. झेरॉक्स युनियनकडे आजच पोचलीय, तेव्हा उगाच फाईल शोधत बसू नकोस. नाही आलास तरी मी वाचणार आहे. अंगठी या पाकिटातच आहे. हे पत्र लिहिलं ते तू माफी मागावीस म्हणून नाही. सहा आठवडे तुला माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं. आता एक रात्र तुलाही माहीत असू दे, आणि तुझ्याच्याने काही होऊ नये. पत्र मिळालं की खाली शेरा मार, सही कर, तारीख घाल. सवय आहे तुला.

उद्या चार वाजेपर्यंत तुझीच,
तेजश्री