आखूड गाडीचा पर्याय रद्द करून लांब गाडी मिळण्याबाबत (अर्ज पाचवा)

प्रति,
मा. वाहन अधिकारी,
आरोग्य वाहतूक कार्यालय, तळमजला.

विषय : फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीबाबत मी यापूर्वी कळविलेले सर्व पर्याय रद्द समजून लांब चेसिसची गाडी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र : "आखूड अथवा लांब, यांपैकी एकाच रकान्यात खूण करावी."
२) माझे अर्ज : सोमवार (आखूड), मंगळवार (लांब), बुधवार सकाळ (आखूड), बुधवार दुपार (सकाळचा अर्ज न वाचण्याबाबत).

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी या केंद्रावर एकवीस वर्षे चालक आहे. या काळात कार्यालयाने मला काहीही विचारलेले नाही. गाडीचा रंगसुद्धा परस्पर ठरला. त्यामुळे आपले पत्र आल्यावर मी हुरळून गेलो, हे प्रांजळपणे कबूल करतो. आपल्या कारकून बाईंनी बुधवारी फोनवर, "अहो, तुमचं एकदाचं काय ते ठरवा, मला फाइल लावायचीय," असे म्हटले. त्यांचा राग रास्त आहे. पर्याय निश्चित झाल्यापासून आठ दिवसांत गाडी मिळते आणि पर्याय बदलला की ते आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, याची मला जाणीव आहे. आज पाच वाजता मुदत संपत असून त्यानंतर ही गाडी दुसऱ्या केंद्राला जाईल, याचीही आहे.

२. एवढी जाणीव असताना हा माणूस रोज का बदलतो, असा प्रश्न आपणांस पडला असेल. त्याचे कारण असे की, वरच्या वस्तीवरून केंद्राकडे येणाऱ्या रस्त्यावर एकच पण भलते अवघड वळण आहे. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला दगडी भिंत. आमची जुनी गाडी गेल्या महिन्यात कायमची बसली. आणि माझी एकुलती एक लेक त्या वळणाच्या वर सासरी असून तिचे दिवस भरत आले होते. नवी गाडी आली की तिला खाली आणायचे, असे ठरले होते. तेव्हा सदर प्रश्न माझ्यासाठी रकान्यातल्या खुणेचा नव्हता.

३. सोमवारी मी आखूड लिहिले, कारण आखूड गाडी ते वळण एका दमात घेते. मंगळवारी सिस्टरांनी ओपीडीच्या फरशीवर खडूने आखूड गाडीची मागची बाजू आखली, केंद्राची गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना त्यात पेशंट म्हणून आडवे केले आणि मला विचारले, "आता मी कुठे बसू? यांच्या पोटावर?" मिस्त्रींचे पाय खडूच्या रेषेबाहेर जात होते. सिस्टर म्हणाल्या, "पेशंटजवळ मी नसेन तर गाडी कशाला हवी, नुसतं पार्सल पाठवा!" म्हणून लांब. बुधवारी सकाळी मिस्त्रींनी सांगितले की लांब गाडीचे पुढचे चाक वळते, पण मागचे आतल्या अंगाने कापत येते आणि ते थेट भिंतीत घुसेल. म्हणून आखूड. दुपारी सिस्टरांनी माझ्याशी बोलणे बंद केले, म्हणून चौथा अर्ज.

४. "मग भिंत काढा की," असे आपण म्हणाल. सबब येथे एक घरगुती बाब नमूद करणे भाग आहे. ती भिंत माझ्या व्याह्यांची आहे. ते गवंडी असून त्यांनी ती स्वतःच्या हाताने, चुन्याचा थेंब न घालता, दगडावर दगड बसवून रचली आहे. जुनी गाडी आखूड असूनही मी ती भिंतीला सात वेळा घासली. दर वेळी ते बाहेर येऊन निसटलेला दगड पुन्हा बसवायचे आणि मला "चहा घेणार का?" एवढेच विचारायचे. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. अशा माणसाकडे मुलीच्या बापाने भिंतीचा कोपरा कोणत्या तोंडाने मागावा? लेकीच्या लग्नाला अकरा वर्षे झाली, मी मागितला नाही.

५. काल, गुरुवारी, प्रत्यक्ष चाचणी घेण्याचे ठरले. गाडी नसल्याने कर्मचाऱ्यांचीच गाडी करण्यात आली. मिस्त्रींनी आपल्या पत्रातील मापाप्रमाणे लांब गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचे दोन बांबू कापले. डावे पुढचे चाक सिस्टर, उजवे पुढचे कंपाउंडर, मागची दोन मिस्त्री आणि सफाईच्या मावशी. बांबू चौघांच्या कमरेला सुतळीने पक्के बांधले, वर रिकामे स्ट्रेचर आवळले आणि मी मध्ये स्टीलचे ताट धरून स्टिअरिंगवर उभा राहिलो. मागच्या चाकांनी बाजूला पाऊल टाकायचे नाही, अशी मिस्त्रींची सक्त ताकीद होती. वर जाताना आम्ही तीन वेळा मागेपुढे केले, मावशी दोनदा भिंतीवर आपटल्या आणि "माझं टायर फुटलं गं बाई!" म्हणून ओरडल्या. आवाज मी तोंडानेच काढत होतो. एकवीस वर्षांच्या नोकरीत मला एवढी मजा आलेली नाही.

६. आवाज ऐकून व्याही बाहेर आले. त्यांच्या मागे माझी लेक आली. बापाला ताट फिरवत घर्र घर्र करताना पाहून ती हसायला लागली. हसता हसता फाटकाला टेकली, मग खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, हसवू नका, दुखतंय." आम्ही आणखी हसलो. सिस्टरांनी मात्र वाकून तिच्या पोटाला हात लावून पाहिला. "हे हसण्याचं दुखणं नाही. आडवी करा हिला," त्या म्हणाल्या.

७. पुढचे सारे पळापळीत झाले. लेकीला स्ट्रेचरवर घेतले आणि आम्ही उताराला लागलो. मावशींना धाप लागली होती, म्हणून त्यांना सोडवून मागच्या चाकाच्या जागी व्याही शिरले. मी पुढे धावत होतो आणि कशासाठी देव जाणे, ताट फिरवत होतो. वळणावर आलो आणि अडकलो. बांबू भिंतीला टेकले, बाहेरच्या बाजूला दरी, लेक ओरडते आहे. व्याह्यांनी "धरून ठेवा," म्हणून आपली सुतळी तोडली, आपल्या जागी मला उभे केले, भिंतीपाशी वाकले आणि खालचा एक दगड ओढून काढला. कोणता दगड काढला की कोपरा उतरतो, हे त्यांनाच ठाऊक. आख्खा कोपरा पायाशी येऊन बसला. आम्ही त्यावरून गेलो.

८. केंद्रावर पोचल्यापासून चाळिसाव्या मिनिटाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बाळाचा आवाज माझ्या घर्रघर्रीपेक्षा मोठा आहे.

९. आता अत्यंत गोपनीय बाब. रात्रभर आनंदात तरंगून झाल्यावर आज सकाळी सिस्टरांनी माझ्या लक्षात आणून दिले की आम्ही वळणावर फक्त सुतळी कापून बांबू टाकले असते आणि स्ट्रेचर नुसते हातात घेतले असते, तर भिंतीला धक्का न लागता निघून गेलो असतो. हे पाच जणांपैकी एकालाही सुचले नाही. म्हणजे जी लांब गाडी अजून आलेलीच नाही, तिच्यासाठी माझ्या व्याह्यांची भिंत पडली! अशा परिस्थितीत आखूड गाडी आली, तर मी त्यांच्यासमोर उभा कसा राहू? सबब लांबच द्यावी आणि हा परिच्छेद फाइलमध्ये दुमडून ठेवावा, ही हात जोडून विनंती.

१०. वरील मजकूर लिहून झाल्यावर भिंतमालकाच्या ना-हरकत पत्रावर सही घेण्यासाठी व्याह्यांना केंद्रावर बोलावले. कशावर सही करतो ते वाचल्याशिवाय ते सही करत नाहीत. त्यांनी माझा अर्जही वाचला. परिच्छेद नऊ दोनदा वाचला. माझे कान गरम झाले होते. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, "सुतळी मीच तोडली ना माझी? मग बाकीच्यांची तोडता येते, हे मला कळत नव्हतं होय?"

 ते पुढे म्हणाले, "अकरा वर्षं वाट बघतोय, तुम्ही ही भिंत कधीतरी मागाल म्हणून. तुम्ही मागणार नाही, हे काल कळलं. मग म्हटलं, पोरीच्या निमित्ताने देऊन टाकावी." आणि खाली सही करून बाळाकडे गेले.

महोदय, या केंद्रास लांब गाडी द्यावी. तिची पहिली फेरी माझी लेक आणि नात यांना सासरी सोडण्याची राहील. सिस्टर त्यांच्या शेजारी बसतील. व्याह्यांनी पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसावे, असे मी स्वतः त्यांच्याकडे मागितले आहे. एकवीस वर्षांत मी कोणाकडे पहिल्यांदाच काही मागितले आणि ते लगेच "हो" म्हणाले.

सोबत :
१) भिंतमालकाचे ना-हरकत पत्र
२) रकान्याचा मूळ कागद (खोडाखोड असल्यास चष्मा लावून पाहावा, शेवटची खूण लांबवर आहे)
३) जन्मनोंदीची प्रत, निव्वळ आनंदापोटी

दिनांक : अठरा, शुक्रवार, दुपारी सव्वातीन

आपला नम्र आणि कालपासून आजोबा,
(सही)
चालक, चढावरचे आरोग्य केंद्र