हलकेरावचं वस्तुमान

३ तारीख, सोमवार

चार दिवस ही वही टाळतोय. पेन्सिलींना टोकं काढली, खिडकी पुसली, शेजारच्या मांजराचं बारसंही उरकलं. आज लिहितोच.

मी चित्रकथेतले फुगे भरतो. चित्रं ताईची (सख्खी नाही, भटकत इथे आलो, तिनं ठेवून घेतलं), बोलणं माझं. वाचकांना उत्तरंही मीच देतो. मागे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांचं पत्र आलं — 'तिसऱ्या अंकात तुमचा नायक हलकेराव हलका झाला नि झुळकीनं पाचोळ्यासारखा उडाला. सातव्यात तसाच हलका होऊन त्यानं एका ठोशात भिंत पाडली. नुसतं वजन गेलं असेल, तर झुळूक त्याला एवढं कशी भिरकावेल? वस्तुमानच गेलं असेल, तर ठोशाला जोर कुठला? एक काय ते ठरवा.'

बरोबर होतं! म्हणूनच झोंबलं. मी छापलं — 'आजोबा, आधी वस्तूमान लिहायला शिका. वस्तू दीर्घ असते!' खाली सही — भौतिकशास्त्राचे सर. मी! नववीतून पळालेला!

५ तारीख

ताईनं अंक वाचला.

"अरे गाढवा, वस्तू दीर्घ, पण वस्तुमानातला 'तु' ऱ्हस्वच! त्यांनी बरोबर लिहिलं होतं. हे तू लिहिलंस?"

"छे! छापखान्यातल्या जुळणीवाल्या काकांनी मस्करी केली असेल अक्षरं जुळवताना."

तोंडातून निघून गेलं. काका बिचारे मला भेटले की कडेवरच्या नातीला सांगतात, "मामाला टाटा कर." कान अजून गरम आहेत.

६ तारीख

आजोबांना माफीचं पत्र लिहायला बसलो. मध्येच डोक्यात आलं — अदृश्य माणसाला स्वतःला दिसणार कसं? उजेड डोळ्यांतूनही आरपार जाणार की! दोन पानं त्यावरच. माफीची ओळ एकच, तीही 'छपाईची चूक'. फाडून टाकलं.

८ तारीख

ताईला खरं सांगायला तीनदा गेलो. तीनदा चहा करून देऊन परत आलो.

"तब्येत बरी आहे ना रे?"

९ तारीख

आजोबा आलेत! स्वतः! बाहेरच्या खोलीत ताईसमोर बसलेत. मी आत. भांडायला नाही आलेले — सरांना भेटायचंय म्हणे. वही आणलीय, मला फटीतून दिसतेय. पानभर वस्तूमान, वस्तूमान, वस्तूमान. सगळे दीर्घ. "सरांनी तपासून दिलं तर बरं होईल. या वयात चूक राहायला नको."

ताई आत डोकावली. हळूच म्हणाली, "सर बाहेर येतायत, की जुळणीवाल्या काकांना बोलावू?"