हवेचा पाइप वर चढवलाय

लतीफभाई,

जीप मी नेतोय. तुम्ही जुम्म्याच्या नमाजाहून येईपर्यंत थांबलो असतो, पण दाभोशाचा देवजी धावत आलाय. त्याची बायको हिरी कालपासून बाळंतपणात अडली आहे आणि ओढा चढतोय.

इंजिनाला थंड हवा मिळावी म्हणून तुम्ही पाइपचं तोंड खाली बंपरपाशी आणलं होतं. तिथून ओढ्याचं पाणी इंजिनात ओढलं जाईल, म्हणून ते मी काढलं. पत्र्याचा नळ बॉनेटच्या बाजूने टपापर्यंत चढवलाय आणि वर डबा उलटा बसवलाय. सांधे सायकलच्या ट्यूबने आवळलेत, तरी एका ठिकाणी हवा ओढल्याचा आवाज येतोच आहे. पाणी कमरेच्या वर असलं तर गाडी अलीकडे ठेवून हिरीला डोलीतून आणू.

राबियाला निरोप देऊन दवाखान्यात पाठवा, नर्सबाईंना थांबायला सांगा. अम्मीने विचारलं तर जामसरला गेलो म्हणा.

गाडी पाण्यात बंद पडली तर या वेळी मी पुन्हा स्टार्टर दाबणार नाही. गेल्या पावसाळ्यात आत पाणी शिरलेलं असताना तो दाबला, इंजिन त्यानेच फुटलं. दाबायला तुम्ही सांगितलं होतं, हे मी अब्बांना अजून बोललो नाही.

शरीफ