शाकारणीचं शेवटचं कौल

॥ श्री ॥

भुईगाव, वसई
२४ जून १९९७

चि. सौ. सुहासिनीस,
भुईगावच्या वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या माहेरचं अर्धं छप्पर गेलं. आधीच सांगते, माणसं सुखरूप आहेत, म्हणजे पुढचं बसून वाचशील.

शनिवारी दिवेलागणीला समुद्राकडून वारा आला. पश्चिमेच्या पाख्याची कौलं पत्त्यांसारखी उचलली गेली. मोठी खोली आणि पडवी उघडी पडली. तुझ्या दादांची खाट मी स्वयंपाकघरात आणली आहे. ओल आली की त्यांचा दमा कसा उसळतो ते तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांत घर कोरडं झालं नाही तर त्यांना हलवा. आमचा उमंग विरारहून आला होता. त्याच्या दोन खोल्यांत आम्हां दोघांना नेतो म्हणतो, पोरगा मनापासून म्हणतो. पण दादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. या घरातून ते गेले तर परत येणार नाहीत, हे तेही जाणतात आणि मीही.

जगन्नाथरावांनी विमा कंपनीत नोकरीला असताना घराचा विमा उतरवायला लावला होता, तेव्हा आपण दोघी त्यांना किती हसलो! घर काय पळून जाणार आहे, असं तूच म्हणाली होतीस. आता त्यांना विचार, काय करायचं ते.

मे महिन्यात शाकारणी नेहमीसारखी काशीरामनेच केली, सगळी कौलं उतरवून परत बसवली. तोही म्हातारा झाला गं. हाक मारली तर ओ देत नाही, दोनदा मारावी लागते. पण एकही कौल वाजवल्याशिवाय वर चढवत नाही, आणि शेवटचं कौल अजून माझ्याच हातून घेतो. वाजवतो आणि विचारतो, “बोलतंय ना, वयनी?”

अक्षर वाकडं आहे, पाट मांडीवर घेऊन लिहिते आहे. आपल्या शाळेतल्या सिस्टर व्हेरोनिकांनी पाहिलं असतं तर तळहातावर पट्टी बसली असती.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी,
अनसूयावहिनी

·

नागपूर
२९ जून १९९७

ती. सौ. वहिनीस,
सुहासिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि पहिल्यांदा पश्चिमेच्या पाख्याखालचा माझा कोनाडा आठवला. परीक्षेच्या दिवसांत तिथे बसलं की वर काशीरामच्या बोटांचा टक्-टक् आवाज यायचा. धड कौल घंटेसारखं वाजतं, फुटकं घसा बसल्यासारखं, हे त्यानेच मला शिकवलं. शाळेतल्या प्रार्थनेच्या घंटेपेक्षा मला तो आवाज पवित्र वाटायचा. सिस्टरना मी हे कधी सांगितलं नाही, तूही सांगू नकोस, त्या वर ऐकत असतील.

आता ह्यांनी सांगितलेलं लिहिते. विमा कंपनीला लगेच लेखी कळव आणि पोच घे. वसईचा फोटोवाला बोलावून सगळ्या बाजूंनी फोटो काढ, मग ताडपत्रीने झाक. फुटकी कौलं टाकू नकोस, सर्व्हेअर ती मागेल. तुझी सवय मला माहीत आहे, दोन दिवसांत तू ती केळीच्या आळ्यात घालशील.

कामाला माणूस निवडताना घाई करू नकोस. वादळानंतर जो आपण होऊन दारात येतो आणि क्लेमची काळजी माझ्यावर सोडा म्हणतो, त्याला चहा देऊन वाटेला लाव. गेल्या दोन पावसाळ्यांआधी शाकारलेली घरं दाखव म्हणावं, आणि त्या घरच्या बाईला विचार. पुरुष छप्पर चांगलं आहे म्हणतात, गळती कुठे होते ते बाईलाच ठाऊक असतं. हे शेवटचं माझं, ह्यांचं नव्हे.

दादांना वाफारा दे. रागावले तरी दे.

लोभ नेहमीचाच, त्यात उणं नको.
सुहास

·

भुईगाव
९ जुलै १९९७

चि. सौ. सुहासिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस तसा एकजण आलाच. नालासोपाऱ्याचा, हातात छापील कार्ड. म्हणाला, कौलं कशाला, सिमेंटचे पत्रे घाला, खर्चाचा आकडा मी दुप्पट करून लिहितो, दोघांचंही भागेल. दादांनी खाटेवरूनच त्याला विचारलं की तुझ्या बापाचं घर कोणी बांधलं. तो निघून गेला. मग शेजारचा सिप्रियन सुतार वर चढला. खाली येऊन म्हणाला, वासे सगळे धड आहेत, पश्चिमेच्या कौलांखालच्या रिपा बदलायच्या, बाकी कशाला हात लावायची गरज नाही. काम कमी सांगणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला. काम त्यालाच द्यायचं ठरवलं आहे, क्लेम मंजूर झाला की.

पण क्लेमचंच अवघड झालं आहे. काल सर्व्हेअर आले. माणूस वाईट नव्हता, चप्पल बाहेर काढून आला. फुटक्या कौलांच्या ढिगापाशी उकिडवा बसला आणि एकेक उचलून बघत गेला. ताजी भेग आतून लाल असते. आपल्या कितीतरी कौलांच्या भेगा काळ्या होत्या, काहींत शेवाळ होतं. म्हणाला, ही वादळाच्या आधीच फुटलेली होती, म्हणून वारा आत शिरला. घराची निगा राखली नाही असं लिहिलं तर काही मिळणार नाही.

मी म्हटलं, मे महिन्यात शाकारणी झाली आहे. काशीराम पडवीत बसला होता, छप्पर गेल्यापासून रोज येऊन बसतो. सर्व्हेअरनी त्याला विचारलं, कौलं तपासली होतीस का. काशीराम म्हणाला, होय, यंदा पानी लवकर आलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मग पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. काशीराम समोर बघत राहिला. तेव्हा ते त्याच्या कानाशी वाकून ओरडले, “बाबा, तुम्हाला ऐकूच येत नाही, मग वाजवून कळतं काय?”

हे मात्र त्याला ऐकू आलं. चहा समोर होता, तो तसाच ठेवून उठला. पस्तीस वर्षांत आपल्या घरून उपाशी गेला असेल तर कालच.

दादांचा खोकला वाढला आहे. जगन्नाथरावांना विचारून लवकर लिही.

तुझ्यावाचून कुणाला लिहू,
वहिनी

·

नागपूर
१५ जुलै १९९७

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस जेवण गेलं नाही. पण दादांकडे आधी बघू.

हे म्हणतात, काशीरामकडून दोन ओळी लिहून घे, आजच्या आज. मजकूर असा: “मे महिन्यात या घराची शाकारणी मी केली. प्रत्येक कौल वाजवून, ऐकून मगच बसवले.” खाली सही. याच्यावाचून क्लेम उभा राहणार नाही असं ह्यांचं मत आहे, आणि अशी कामं ह्यांनी तीस वर्षं केली आहेत.

मला माहीत आहे हे तुला जड जाईल. त्याला गोड बोलून बोलाव, जेवायला वाढ आणि कागद पुढे कर. तो तुला नाही म्हणणार नाही. आणि काही झालं तरी त्याला आता वर चढू देऊ नकोस.

रागावू नकोस, माया ठेव.
सुहास

·

भुईगाव
२६ जुलै १९९७

चि. सौ. सुहासिनीस,
आशीर्वाद.

काशीराम गेला.

सोमवारी बोलावलं होतं. आला, जेवला नाही. कागद पुढे केला. त्याला सावकाश का होईना, वाचता येतं. ‘ऐकून’ या शब्दावर बोट ठेवून बसला. मग म्हणाला, “ह्यो शबूद मी लिवनार नाय, वयनी. आधी राहिलेलं पाखं बघतो, मंग सही करतो.” मी हातानेच नको नको केलं. तो कागद तिथेच ठेवून गेला. मला वाटलं घरी गेला.

थोड्या वेळाने दादा खाटेवरून म्हणाले, वर काशीराम आहे का? मी कान दिला. टक्. मग थांबणं. मग टक्. मागच्या बाजूने शिडी लावून तो पूर्वेच्या पाख्यावर चढला होता. सकाळीच सर पडून गेली होती, शेवाळावर पाय ठरत नव्हता. मी अंगणात धावले. तो उकिडवा बसून एकेक कौल डाव्या तळहातावर घेत होता, उजव्या हाताने वाजवत होता आणि डोळे मिटून घेत होता.

मी हाका मारल्या. सुहास, किती हाका मारल्या. माझा आवाज ऐकून सिप्रियन त्याच्या वाडीतून आला, रस्त्यावरची माणसं आली. त्याला ऐकू आलं नाही. पाठ होती आमच्याकडे. सिप्रियन शिडीवर अर्ध्यात पोहोचला तेवढ्यात तो पुढच्या कौलासाठी सरकला.

वसईला इस्पितळात नेईपर्यंत संपलं होतं. त्याच्या सुनेने मला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वहिनी

·

नागपूर
१ ऑगस्ट १९९७

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तो शब्द आमचा होता. ह्यांनी सांगितला, मी लिहिला. हे चार दिवस गॅलरीत बसून आहेत. तू ते ओझं घेऊ नकोस. सही नसली तरी अर्ज पुढे जाऊ दे. दादांसाठी.

तुझीच,
सुहास

·

भुईगाव
१४ सप्टेंबर १९९७

चि. सौ. सुहासिनीस,
अनेक आशीर्वाद.

क्लेम मंजूर झाला. पूर्ण नाही, पण पश्चिमेचं पाखं होण्याइतका. सर्व्हेअरनी लिहिलं होतं, वादळ खरं, कौलं जुनी, निम्मं द्यावं. काशीरामच्या चिठ्ठीचा कुठे उल्लेखसुद्धा नाही. ती कुणी मागितलीच नव्हती. जगन्नाथरावांना हे सांगायचं की नाही ते तू ठरव.

दादा मोठ्या खोलीत परतले. झोप लागते आहे. विरार टळलं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. काशीरामला ऐकू येत नाही हे मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. शेवटचं कौल वाजवून तो “बोलतंय ना, वयनी?” विचारायचा, ते पूर्वी कौतुकाने. गेली दोन वर्षं विचारताना माझ्या तोंडाकडे बघायचा. यंदाचं कौल फुटकं वाजलं होतं. मी ऐकलं. त्याचं तोंड पाहिलं आणि मान डोलावली. एवढ्या वर्षांच्या माणसाला कसं म्हणू की तुझं संपलं? मला वाटलं, मी त्याची अब्रू सांभाळते आहे.

परवा सिप्रियन पूर्वेच्या पाख्यावर चढला. काशीरामने ज्या कौलांना हात लावला होता, त्यांतल्या काहींवर खिळ्याने फुली ओढलेली सापडली. एकतीस फुल्या. सिप्रियनने एकेक वाजवून पाहिलं. एकतीसही फुटकी. फुली नसलेल्या सगळ्या कौलांत फक्त दोन फुटकी त्याच्या हातून सुटली होती.

कानाने नाही, तळहाताने. धड कौलाची थरथर हाताला कळते, म्हणाला सिप्रियन, तो स्वतःही तसंच बघतो. काशीरामला ते एका दुपारीत जमलं होतं. त्यासाठी त्याला कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं की आता कानावर जाऊ नकोस. दोन वर्षांपूर्वी, कोरड्या मे महिन्यात, मी खाली शिडी धरून उभी असताना.

शेवटचं कौल सिप्रियनने माझ्याकडून मागून घेतलं. कुणी सांगितलं होतं त्याला, देव जाणे. वाजवलं आणि थांबला. विचारलं मात्र काही नाही. मीच खालून म्हटलं, बोलतंय.

दिवाळीला ये. तुझा कोनाडा कोरडा आहे. माझ्यावरची माया कमी झाली असेल तर तसं स्पष्ट लिही, यापुढे आपण एकमेकींपासून काही लपवायचं नाही.

तुझी,
अनसूयावहिनी